घरात काढलेला फोटो अस्पष्ट का येतो?



अकरावीच्या वर्गातील एक विद्यार्थी एकदा तास संपल्यावर मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. पडद्यावर त्याच्या आजीचा फोटो होता. दिवाळीत, रात्रीच्या वेळी, घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात त्याने तो काढला होता. आजी बोलकी, फोटो काढतानाही तिचे काहीतरी सांगणे चालूच होते. पुढे दोन महिन्यांतच आजी वारली. आता तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावायचे घरात ठरले होते. लहान पडद्यावर तो बरा दिसे. पण मोठा करताच डोळे, सुरकुत्या, कपाळावरचे गोंदण सारे एकमेकांत मिसळून जाई. “सर, हा स्पष्ट करता येईल का?” त्याने विचारले.

मला ‘नाही’ असेच सांगावे लागले. गोंदणाच्या एका टिंबाकडून आलेला प्रकाश संवेदकावर एकाच जागी पडायला हवा होता; तो पसरून पडला आणि शेजारच्या प्रकाशात मिसळला. एकदा असे झाले, की मूळ तपशील पूर्णपणे परत मिळत नाही. हल्लीची काही सॉफ्टवेअरे अस्पष्ट चेहरा रेखीव करून देतात हे खरे. पण ते तपशील अंदाजाने भरलेले असतात. तो चेहरा आजीसारखा असेल, आजीचाच असेल असे नाही.

“पण सर, कॅमेरा तर चांगला आहे. मग चुकले कुठे?” हा त्याचा दुसरा प्रश्न. तो भौतिकीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देता येते. तेच आज आपण पाहू.

डोळ्याची फसगत

उजेड मोजण्याचे एकक लक्स हे आहे. एका मेणबत्तीपासून १ मीटर अंतरावर तिच्यासमोर धरलेल्या कागदावर जेवढा उजेड पडतो तो साधारण १ लक्स. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. दिवसा घरातील मोठ्या खिडकीजवळ तो हजार-दोन हजार लक्स भरतो. रात्री एक ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत मात्र तो १०० लक्सच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो.

म्हणजे ज्या खोलीत आपण आरामात वर्तमानपत्र वाचतो, तेथील उजेड उन्हाच्या हजारावा हिस्सा असतो! हे आपल्याला जाणवत का नाही? कारण आपला डोळा फार जुळवून घेणारा आहे. उन्हात डोळ्याची बाहुली आकुंचन पावून सुमारे २ मिलिमीटर व्यासाची होते, तर अंधारात ती ७ ते ८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. व्यास चौपट झाला की क्षेत्रफळ सोळापट होते. याशिवाय दृष्टिपटलाची संवेदनशीलता वाढते ती वेगळीच. शिवाय डोळा उजेडाची नोंद फरकाने नव्हे, तर प्रमाणाने घेतो. म्हणून हजारपट फरक त्याला ‘थोडा कमी उजेड’ एवढाच वाटतो. कॅमेऱ्याला अशी सवलत नाही. त्याला प्रकाशाचा हिशेब चोख द्यावा लागतो.

प्रकाशाचा हिशेब

नळाखाली घागर भरायची आहे असे समजा. नळाचे तोंड किती मोठे आणि तो किती वेळ उघडा ठेवला, यावर घागरीत किती पाणी जमेल ते ठरते. कॅमेऱ्यात भिंगाचे छिद्र हे नळाचे तोंड आणि शटर उघडे राहण्याचा काळ ही नळ उघडा ठेवण्याची वेळ.

छिद्राचे माप एफ-अंकाने सांगतात. भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास म्हणजे एफ-अंक. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचे छिद्र २५ मिलिमीटर व्यासाचे असेल, तर एफ-अंक २ येतो; छिद्र सुमारे ३ मिलिमीटर असेल, तर १६ येतो. म्हणून एफ-अंक जितका लहान, तितके छिद्र मोठे. हे उलटे नाते नवशिक्याला नेहमी गोंधळात टाकते, ते नीट ध्यानात घ्या.

तिसरी गोष्ट संवेदनशीलता; ती आयएसओ अंकाने दाखवतात. पण ती नळही नव्हे आणि वेळही नव्हे. आयएसओ वाढवल्याने संवेदकावर एक कणही जादा प्रकाश पडत नाही. जो पडला त्याच्यापासून मिळालेला विद्युत्संकेत तेवढा वर्धित होतो. रेडिओचा आवाज मोठा केला म्हणून प्रक्षेपण चांगले होत नाही, तसेच हे.

आता आकडेमोड करू. छायाचित्रकारांचा एक जुना नियम आहे: लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ-अंक १६ ठेवला, तर शटरचा काळ सुमारे १/१०० सेकंद हवा. आपल्या खोलीत उजेड हजारपट कमी आहे. बाकी काही बदलले नाही, तर शटर हजारपट काळ, म्हणजे १० सेकंद उघडे ठेवावे लागेल! इतका वेळ कोण स्थिर बसेल?

म्हणून छिद्र मोठे करू. साध्या कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या झूम भिंगाचा एफ-अंक, ते लांबवले असता, बहुधा ५.६ पर्यंतच खाली येतो. १६ ला ५.६ ने भागून वर्ग केला, तर सुमारे ८ येतात. म्हणजे प्रकाश आठपट झाला आणि काळ सव्वा सेकंदावर आला. आता आयएसओ १०० वरून १६०० करू. सोळापट लाभ झाला आणि काळ १/१२ सेकंदाच्या जवळ आला. त्या विद्यार्थ्याच्या फोटोचा ‘तपशील’ मोबाइलमध्ये उघडून पाहिला, तर तेथेही शटरचा काळ १/१२ सेकंद असाच नोंदलेला होता. मोबाइलच्या भिंगाचा एफ-अंक लहान असतो हे खरे; पण चित्र कणीदार होऊ नये म्हणून त्याने आयएसओ कमी ठेवून काळ लांबवला होता.

१/१२ सेकंद म्हणजे डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ नव्हे, असे तुम्हाला वाटेल. पण एवढ्या वेळात काय घडते ते पाहा.

अस्पष्टपणाचे तीन प्रकार

पहिला प्रकार हात हलल्याचा. हात कितीही स्थिर धरला तरी तो किंचित फिरतच असतो. समजा, कॅमेऱ्याची दिशा सेकंदाला १ अंश या वेगाने फिरत आहे. २ मीटर अंतरावरील चेहऱ्यावर कॅमेऱ्याचा ‘नेम’ सेकंदाला सुमारे ३५ मिलिमीटर सरकेल. १/१२ सेकंदात तो सुमारे ३ मिलिमीटर सरकतो. म्हणजे चेहऱ्यावरचा प्रत्येक बिंदू ३ मिलिमीटर लांबीची रेघ होऊन उमटतो. शटरचा काळ १/१०० सेकंद असता, तर हीच रेघ ०.३५ मिलिमीटरची झाली असती.

दुसरा प्रकार माणूस हलल्याचा. बोलणाऱ्या माणसाचे डोके स्थिर नसते. ते सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने हलत आहे असे धरू. हा वेग तसा अगदीच कमी आहे. १/१२ सेकंदात चेहरा ४ मिलिमीटर सरकतो. सुरकुती एखादा मिलिमीटर रुंद आणि गोंदणाचे टिंब फार तर दोन-तीन मिलिमीटरचे. ते कसे टिकणार? १/२०० सेकंदात मात्र चेहरा केवळ पाव मिलिमीटर सरकतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. पहिल्या दोषावर स्टँड हा उपाय आहे. हल्लीच्या कॅमेऱ्यांत व मोबाइलमध्ये कंप सावरणारी यंत्रणाही असते. ती भिंग किंवा संवेदक उलट दिशेने सरकवून हाताचे हलणे भरून काढते. पण यांपैकी कोणताही उपाय दुसऱ्या दोषावर चालत नाही. कॅमेरा भिंतीत चिणून बसवला, तरी आजी हलायची ती हलणारच.

तिसरा प्रकार फोकस चुकल्याचा. भिंगाचे छिद्र मोठे केले की प्रकाश वाढतो, पण त्याची किंमत द्यावी लागते. फोकसच्या पुढे-मागे जेवढ्या अंतरात वस्तू स्पष्ट दिसतात, ती स्पष्टतेची खोली कमी होते. ज्याचा संवेदक सुमारे २४ × १६ मिलिमीटरचा आहे अशा कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग लावून एफ-अंक २ ठेवला आणि १ मीटरवरून चेहऱ्याचा फोटो काढला, तर ही खोली सारी मिळून जेमतेम ३ सेंटिमीटर असते. स्वतःच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून पाहा! नाकावर फोकस झाला तर डोळे गेले म्हणून समजा. २ मीटरवर गेलात की हीच खोली सुमारे १२ सेंटिमीटर होते. अंतर दुप्पट केले की ती चौपट होते. मोबाइलच्या भिंगाचे नाभीय अंतर फार थोडे असल्याने तेथे ही खोली पुष्कळ असते. पण मंद उजेडात त्याचा स्वयंचलित फोकस चेहरा सोडून मागच्या कपाटावर जाऊन बसतो, हा अनुभव तुम्हालाही आला असेल.

तीनही दोषांच्या मुळाशी एकच कारण आहे हे तुमच्या लक्षात आले असेल: अपुरा प्रकाश. प्रकाश कमी म्हणून शटरचा काळ वाढवावा लागतो, आणि प्रकाश कमी म्हणूनच छिद्र मोठे करावे लागते.

मग आयएसओच खूप वाढवला तर? तेथे चौथी अडचण उभी राहते. प्रकाश फोटॉनांच्या रूपाने येतो आणि ते पावसाच्या थेंबांसारखे अनियमितपणे पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील, तर त्यात १०,००० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०० चा कमी-अधिकपणा असतो. हा झाला १ टक्का. पण सरासरी १०० च फोटॉन पडत असतील, तर कमी-अधिकपणा १० चा, म्हणजे १० टक्के होतो. त्यामुळे मंद उजेडातील चित्र वाळू फासल्यासारखे दिसते. ही वाळू झाकण्यासाठी मोबाइल चेहरा गुळगुळीत करून टाकतो आणि वाळूबरोबर सुरकुत्याही पुसल्या जातात.

जुन्या छायाचित्रकारांनी काय केले?

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८३९ साली दागेर याने पॅरिसमध्ये आपली पद्धत जाहीर केली, तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. माणसाचे चित्र काढायचे तर त्याच्या डोक्यामागे लोखंडी आधार लावीत. समोरून तो दिसत नसे. १८४० साली व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक पेट्झव्हाल यांनी गणित करून खास चेहऱ्यांच्या चित्रासाठी सुमारे ३.६ एफ-अंकाचे भिंग तयार केले. रासायनिक लेपही अधिक संवेदनशील होत गेले. आणि छायाचित्रकार आपले स्टुडिओ इमारतीच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या छपराखाली थाटू लागले.

डोक्याला आधार, मोठे छिद्र, अधिक संवेदनशीलता आणि भरपूर उजेड हे चार उपाय आजही तेच आहेत. त्यांतला पहिला माणसाला अवघडवतो, दुसरा फोकस नाजूक करतो, तिसरा चित्र कणीदार करतो. चौथ्याला मात्र काहीच किंमत मोजावी लागत नाही.

वर्तमानपत्राची कसोटी

आता एक प्रयोग करा. मित्राला भिंतीला पाठ व डोके टेकवून बसवा. त्याच्या चेहऱ्याशेजारी भिंतीवर वर्तमानपत्राचे एक पान चिकटवा. तुम्ही २ मीटर अंतरावर राहा.

१. रात्री, ट्यूबलाइटच्या उजेडात, मोबाइल हातात धरून फोटो काढा. मित्राने स्तब्ध राहावे.

२. मोबाइल टेबलावर पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवा. बटण दाबताना तो हलू नये म्हणून टायमर लावा. फोटो निघेपर्यंत मित्राने भिंतीपासून डोके जरा सुटे करून पाढे म्हणावेत.

३. मोबाइल तसाच ठेवा. त्याच्यापासून वीतभर अंतरावर एका बाजूला कंपासपेटी ठेवा आणि पडद्यावर कंपासपेटीवर बोट टेकवून तिच्यावर फोकस करा. मित्राने स्तब्ध राहावे.

४. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळच्या भिंतीपाशी, मोबाइल हातात धरून, मित्र बोलत असताना फोटो काढा.

प्रत्येक फोटो मोठा करून आधी वर्तमानपत्राची अक्षरे व मग चेहरा पाहा. अक्षरे आणि चेहरा दोन्ही एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसले, तर तुमचा हात हलला. अक्षरे स्वच्छ आणि चेहरा फासटलेला, तर मित्र हलला. दोन्ही मऊ, धुक्यातल्यासारखे, पण जवळची वस्तू रेखीव, तर फोकस चुकला. प्रत्येक फोटोचा शटरचा काळ ‘तपशील’मधून वहीत लिहून घ्या. चौथ्या फोटोतील काळ पहिल्याच्या किती पट कमी आहे ते काढा. आपण वर केलेला हिशेब त्यात उतरलेला दिसेल.

दोष ओळखल्याशिवाय उपाय करू नये, हा या प्रयोगाचा धडा. हात हललेला असताना नवा कॅमेरा घेणे किंवा माणूस हललेला असताना स्टँड घेणे म्हणजे पोटदुखीवर डोळ्यात औषध घालण्यासारखे आहे.

आता फोटो काढू या

ज्यांचा फोटो काढायचा त्यांना दिवसा खिडकीपासून सुमारे १ मीटरवर बसवा. खिडकी त्यांच्या एका बाजूला, किंचित पुढे असावी. पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा येईल. प्रकाशस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही शिकला आहात. खिडकी हा बिंदुस्रोत नव्हे, म्हणून तेथे तो तंतोतंत लागू पडत नाही. पण खोलीत दोन पावले आत गेल्यावर उजेड किती झपाट्याने उतरतो हे मोबाइल लगेच दाखवील. ऊन थेट चेहऱ्यावर येत असेल, तर खिडकीला पातळ पांढरे कापड लावा. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळी दिसत असेल, तर त्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर पसरा; तिच्यावरून परावर्तित झालेला उजेड पुरतो.

मोबाइलचे भिंग धुतलेल्या मऊ सुती कापडाने पुसा. बोटांचा तेलकटपणा त्यावर असतोच आणि त्याने प्रकाश विखुरतो. बोटांनी पडदा ताणून चित्र मोठे करू नका. बहुधा त्याने नवे तपशील मिळत नाहीत, असलेलेच ताणले जातात. शटरचा काळ ठरवता येत असेल, तर स्वस्थ बसलेल्या माणसासाठी १/१०० आणि बोलणाऱ्यासाठी १/२०० सेकंद ठेवा. कोपरे अंगाशी टेकवा, दाराच्या चौकटीला रेला, अर्धा श्वास सोडा आणि मग बटण दाबा. फोकस नेहमी कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर करा. एकाच फोटोवर समाधान मानू नका; माणूस वाक्य संपवून क्षणभर थांबतो, त्या क्षणी दोन-चार फोटो काढा.

रात्रीच काढायचा असेल तर? दिव्याच्या शक्य तितके जवळ बसवा आणि स्तब्ध राहायला सांगा. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे. त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा काळ १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला, तर लुकलुकण्याची पूर्ण आवर्तने त्यात बसतात आणि फोटोत काळे पट्टे उमटत नाहीत. मोबाइलमधील रात्रीची सोय अनेक फोटो घेऊन ते एकत्र करते. म्हणून तीही स्थिर माणसालाच उपयोगी. कॅमेऱ्याचा खरा फ्लॅश १/१००० सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ चमकतो, त्यामुळे तो हालचाल गोठवतो. तो पांढऱ्या छताकडे वळवला तर उजेडही सौम्य पडतो. मोबाइलचा दिवा मात्र तसा नव्हे. तो मंद असतो आणि अधिक वेळ पेटतो.

त्या विद्यार्थ्याने पुढच्याच रविवारी सकाळी आजोबांना खिडकीशी बसवून फोटो काढला. शटरचा काळ १/२५० सेकंद होता. फोटो मोठा केला, तेव्हा आजोबांच्या चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा, त्याच्या गाठीसकट, दिसत होता. आजीचा फोटो आहे तसाच लहान आकारात छापून त्यांनी शेजारी लावला आहे.

तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांचे फोटो बहुधा लग्नकार्यात, रात्री, घाईगर्दीत काढलेले असतील. येत्या रविवारी सकाळी अर्धा तास काढा, खिडकी उघडा आणि त्यांना तिच्याजवळ बसवून बोलते करा.

विचार करा

१. एफ-अंक ४ वरून २ केला, तर प्रकाश किती पट होईल? शटरचा काळ १/५० सेकंद होता. आता किती ठेवता येईल?

२. १/६० सेकंदात काढलेल्या फोटोत भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे स्पष्ट आहेत, पण लहान भावाचा चेहरा फासटला आहे. स्टँड वापरून फोटो सुधारेल का? का?

३. एका पिक्सेलवर सरासरी २,५०० फोटॉन पडतात. त्यातील कमी-अधिकपणा किती टक्के असेल? तो निम्मा करायचा, तर प्रकाश किती पट हवा?